पार्किंगमधली परीक्षा

माझ्या मुलीचा हात मी मोडला. तो ज्युदोच्या क्लासमध्ये मोडला नव्हता. दीड वर्ष मी लोकांना क्लासमध्ये मोडला असं सांगत राहिलो, किंवा लोक तसं बोलत तेव्हा गप्प बसलो. सांगणं आणि गप्प बसणं यांत फार फरक नसतो, हे मला आता मान्य आहे. तेव्हा मी त्या फरकाचा बराच आधार घेतला होता.

आम्ही पुण्याजवळ सूसला राहतो. मी मूळचा लातूरकडचा. हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू कुठे अडते, कुठे मोडते ते मुद्दाम शोधून काढायचं. हे काम मी वीस वर्षं केलं आहे आणि बरं केलं आहे. ही सवय ऑफिसातच ठेवून घरी यायला हवं होतं, एवढंच.

मुलगी सहावीत असताना ज्युदोला जाऊ लागली. गावठाणात एक ताई शिकवायच्या. त्यांचं सासर गावातलं जुनं शेतकरी घर. शेताच्या बऱ्याच भागावर आता आमच्यासारख्यांच्या इमारती आहेत. उरलेल्या जागेत त्यांनी तीन मजली घर बांधलं. खालच्या खोल्यांत लवळ्याच्या कॉलेजांतली मुलं भाड्याने राहायची आणि वर गच्चीवर पत्रे टाकून ताईंनी मॅट अंथरली होती. उन्हाळ्यात पत्र्याबाहेरच्या भागात सासूबाईंच्या कुरडया वाळत घातलेल्या असत आणि पत्र्याखाली मुली एकमेकींना आपटत असत. ताई लग्नाआधी राज्यपातळीवर खेळल्या होत्या. ते त्या कधी स्वतःहून सांगत नसत.

पहिले दोन महिने मुलींना फक्त पडायला शिकवलं. मागे पडायचं, कुशीवर पडायचं, हात आपटून धक्का जमिनीला द्यायचा. मग एकमेकींना धरून पाडायचा प्रयत्न करायचा, आणि समोरची पडू नये म्हणून खरोखर धडपडत असायची. पहिल्या महिन्यातच मुलीने जेवणाच्या टेबलावर मला एक नियम समजावून सांगितला होता. कोणी धरून ठेवलं, गळा आवळला किंवा हात पिळला आणि सहन होईना, की समोरच्या मुलीच्या अंगावर दोनदा थोपटायचं. थोपटलं की तिने त्याच क्षणी सोडायचं. भांडण असलं तरी, मॅच असली तरी. "त्याशिवाय कोणी जोर लावूच शकणार नाही ना, बाबा," ती म्हणाली होती. मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं.

ती नववीत असतानाची, दिवाळीनंतरची गोष्ट. ट्यूशनहून सायकलवर येताना सलग दोन दिवस एक बाइकवाला तिच्या बाजूने हळूहळू येत राहिला. काहीतरी बोलत होता. तिसऱ्या दिवशी तो दिसला नाही, पुढेही कधी दिसला नाही. हे तिने आईला भाजी निवडता निवडता सांगितलं. आईने मला सांगितलं. मी तिला हाक मारून विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काही नाही. किराणा दुकानात गेले. काकांना म्हटलं, थोडा वेळ थांबते इथे."

तिने अगदी बरोबर केलं होतं. तरी मला आठवतंय, माझी थोडी निराशा झाली. तीन वर्षं क्लास लावून मुलगी किराणा दुकानात जाऊन उभी राहते, असं काहीतरी माझ्या मनात आलं.

त्या आठवड्यात तिला आणायला गेलो तेव्हा मी ताईंना विचारलं, "ताई, हे सगळं रस्त्यावर उपयोगाला येतं का?"

ताई मॅट पुसत होत्या. "रस्त्यावर काय हुईल ते मी कसं सांगू, साहेब? मी पोरींना खेळ शिकवतेय."

"पण हल्ला करणारा काय ज्युदोचा ड्रेस घालून येणार आहे का?"

"न्हाई येनार. अन सांगून बी येनार न्हाई. पर माझ्या पोरी रोज दहा येळा आपटल्या जात्यात, दहा येळा उठत्यात. कुनी अंगाशी आलं म्हनून त्या गांगरत न्हाईत. मला येवढंच देता येतंय. याच्यापरीस जास्ती देतो म्हननारा कुनी भेटला, तर त्याला नीट इचारून घ्या." मग माझ्याकडे वरून खाली बघून म्हणाल्या, "नायतर तुमीच या की एक दिवस मॅटवर. तुमची पोरगीच पाडंल तुमाला."

मुली हसल्या. माझी मुलगीही हसली. मीही हसलो, पण ते मला लागलं.

पंधरा दिवसांनी आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आठ रविवारांचा एक कोर्स सुरू झाला. प्रत्यक्ष स्वसंरक्षण, खेळ नाही, असं त्याच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं. शिकवणारे गृहस्थ बाणेरकडून यायचे. काळा टी-शर्ट, स्पष्ट आवाज, मराठी-हिंदी-इंग्रजी एकत्र. पहिल्याच दिवशी म्हणाले, "स्पोर्टमध्ये वजनगट असतो, रेफरी असतो, खाली मॅट असते. रोडवर यातलं काय आहे, सांगा." मला वाटलं, अगदी माझ्या मनातलं बोलले. मुलीचं नाव मी तिथेच घातलं.

त्या माणसाला मी दोष देणार नाही. प्रत्येक रविवारी पहिली पंधरा मिनिटं ते हेच सांगायचे: आधी आजूबाजूला बघा, अंतर ठेवा, निघून जा, ओरडा, दुकानात शिरा, हात लावायची वेळ सगळ्यात शेवटी. म्हणजे माझ्या मुलीने जे केलं होतं तेच. मी मागच्या खुर्चीवर बसून टिपणं काढत होतो, पण ही पंधरा मिनिटं माझ्या टिपणांत नाहीत. माझी टिपणं त्यानंतर सुरू होतात: मनगट धरलं तर, केस धरले तर, बॅग ओढली तर, मागून मिठी मारली तर.

दुसऱ्या रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, इथे कोणी धरतच नाही."

तिची जोडी चौथ्या मजल्यावरच्या काकूंशी लावली होती. काकू म्हणाल्या, "अगं, मी कशी जोरात धरू? केवढीशी तू. आणि तू मला पाडलंस तर माझ्या कमरेचं काय?"

"पण काकू, तुम्ही धरलंच नाही तर मी सुटणार कशातून?"

"सुटलीस ना? मग झालं."

ही तिची तक्रार खरी होती. ताईंच्या मॅटवर समोरची मुलगी शेवटपर्यंत सोडत नसे. इथे तीन मोजून सगळे सोडत. मला यातून एकच गोष्ट सुचली: तिला खरं धरणारा माणूस पाहिजे. आणि सरांनी सांगितलं होतंच, की घरी सराव करा, कधीतरी न सांगता करा. मी लॅपटॉपवर एक तक्ता केला. डावीकडे धरायचे प्रकार, उजवीकडे तारीख. सुटली तर हिरवा रंग, नाही सुटली तर लाल.

स्वयंपाकघरात मनगट धरलं. हिरवा. बाल्कनीत कपडे वाळत घालताना केस धरले. हिरवा, पण ती चिडली. पॅसेजमध्ये मागून मिठी मारली. लाल. चार दिवसांनी परत. लाल.

"बाबा, निदान सांगून धरा ना," ती म्हणाली.

"सांगून धरलं तर उपयोग काय?"

बायकोने तक्ता बघितला आणि लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं. "अहो, ती पोरगी आहे, तुमचं सॉफ्टवेअर नाही. बंद करा हे. एक दिवस लागेल तिला." मी बंद करतो म्हणालो. ज्युदोची जिल्हा निवड चाचणी तीन आठवड्यांवर होती. ती झाली की ज्युदोच बंद करून फक्त रविवारचा कोर्स ठेवायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं. मुलीला ते अजून सांगितलं नव्हतं.

त्यानंतरच्या बुधवारी मी घरून काम करत होतो. साडेसहाला ती क्लासहून येते हे माहीत होतं. मी खाली पार्किंगमध्ये गेलो आणि आमच्या गाडीशेजारच्या खांबामागे उभा राहिलो. ती आली, सायकल लावली, कुलूप घालायला वाकली, सरळ झाली, आणि मी तिला मागून धरलं. एक हात गळ्याभोवती, दुसऱ्याने तिचे दोन्ही हात अंगाशी आवळलेले.

पहिल्या क्षणी तिने गुडघे वाकवून वजन खाली टाकलं. माझे पाय जमिनीवर हलके झालेले मला जाणवले. मला आज खात्री आहे की ती मला तिथेच फेकू शकली असती. पण तिने मान वळवली, माझं घड्याळ तिला दिसलं आणि तिचं अंग सैल पडलं. कोणी परका नाही, बाबा आहेत, हे तिला कळलं. तिने कसाबसा एक हात मोकळा करून माझ्या हातावर दोनदा थोपटलं.

त्याचा अर्थ मला माहीत होता.

मी तिच्या कानाशी म्हणालो, "खरा माणूस सोडणार नाही," आणि पकड आणखी आवळली. तिने पुन्हा थोपटलं. "बाबा, बास," म्हणाली. मी सोडलं नाही. मग ती खरोखर घाबरली, अंग पिळून सुटायला गेली, तिचा पाय गाड्यांची चाकं अडवायला घातलेल्या आडव्या सिमेंटच्या ठोकळ्याला अडकला, आणि आम्ही दोघं दोन गाड्यांच्या मधे पडलो. तीन वर्षं तिला पडायला शिकवलं होतं. ऐंशी किलोंचा माणूस पाठीवर घेऊन फरशीवर पडायला कोणी शिकवलं नव्हतं. डाव्या मनगटाच्या वरचं हाड मोडलं. तो आवाज मला ऐकू आला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" मुलीने माझ्याकडे बघितलं. बायको शेजारी उभी होती, तीच बायको जिने आठ दिवसांपूर्वी हे बंद करा म्हटलं होतं. मी म्हणालो, "ज्युदोचा क्लास असतो हिचा."

एवढंच. तिथेच मोडला असं मी म्हटलं नव्हतं, असं मी बरेच महिने स्वतःला सांगत असे. बायको औषधं आणायला गेली तेव्हा मुलीला म्हणालो, "आईला आत्ता काही बोलू नकोस. मी सांगेन नंतर." ती "बरं" म्हणाली. पंधरा वर्षांची होती. मी सांगितलं नाही आणि तिनेही नाही.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कोणीतरी विचारलं, मी तेच उत्तर दिलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: गावातल्या ज्युदो क्लासमध्ये आपल्या एका मुलीचा हात मोडला आहे, पालकांनी विचार करावा. खाली काळजीचे मेसेज. गच्चीवर कसले क्लास घेतात, परवानगी तरी आहे का, असंही कोणी लिहिलं. मी त्याखाली जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं. आमच्या सोसायटीतली अकरा मुलं ताईंकडे जात होती. महिनाभरात दोन उरली.

ताई भेटायला आल्या त्या चौथ्या दिवशी. पिशवीत गावरान अंडी होती. सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि मुलीला म्हणाल्या, "कवा झालं गं हे?"

"बुधवारी," मी म्हणालो. "क्लासमध्येच थोडं लागलं होतं बहुतेक. घरी आल्यावर सूज वाढली."

ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या मुलीकडेच बघत होत्या. "व्हय का? क्लासात लागलं व्हय तुला?"

मुलीने प्लास्टरकडे बघत मानेनेच हो म्हटलं. ताईंनी चहा पूर्ण प्यायला, कप आत नेऊन ठेवला आणि निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हाड जुळलं की ये."

हाड सहा आठवड्यांत जुळलं. ती गेली नाही. रविवारच्या कोर्सलाही गेली नाही. चाचणी होऊन गेली. मी तक्ता काढून टाकला आणि ते प्रकरण मिटलं असं धरून चाललो. मधल्या काळात मी या विषयावर बरंच वाचलं, खेळ बरा की प्रत्यक्ष बचाव बरा यावर लोक किती वाद घालतात ते बघितलं. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. खेळात समोरचा खरा विरोध करतो, म्हणून अंगात येतं ते खरं असतं. दुसरीकडे रस्त्यावर काय बघायचं आणि कधी निघून जायचं हे खेळ शिकवत नाही, ते वेगळं शिकावं लागतं. माझ्या मुलीला दोन्ही मिळू शकलं असतं. किराणा दुकानात ती स्वतःच्या बुद्धीने गेली होती, आणि मॅटवर तिला कोणी सोडून देत नव्हतं. मी दोन्ही ठिकाणचं अर्धवट उचललं: मॅटवरचा जोर आणि कोर्समधलं न सांगता धरणं. सोडायचं कधी, हे कुठूनच उचललं नाही.

यंदा ती अकरावीत गेली. एका संध्याकाळी म्हणाली, "मला ज्युदो परत सुरू करायचंय."

मला इतका आनंद झाला की मी लगेच मोबाइल काढला. "बाणेरला एक मोठा क्लास आहे, चांगली सोय आहे तिथे."

"मला ताईंकडे जायचंय."

"मग जा की."

"कशी जाऊ? तिथे मी खोटारडी आहे, बाबा."

मला समजलं नाही. तेव्हा तिने सांगितलं. त्या बुधवारी क्लासमध्ये काही झालं नव्हतं, हे तिथल्या सगळ्या मुलींना माहीत होतं. हिच्यामुळे अर्धा क्लास रिकामा झाला. तिच्या जोडीला खेळणाऱ्या मैत्रिणीने तिला एकच शब्द पाठवला होता आणि मग हिचा नंबर ब्लॉक करून टाकला होता. पुढे मुलं आणखी कमी झाली तशी ताईंच्या सासऱ्यांनी अर्ध्या गच्चीवर भिंत घालून भाड्याच्या दोन खोल्या काढल्या. हे सगळं तिला दीड वर्ष माहीत होतं.

"तुम्ही आधी जाऊन सांगा," ती म्हणाली. "मग मी जाईन. नाहीतर राहू दे."

तिचा आवाज चढलेला नव्हता. राहू दे म्हणताना ती खरोखर सोडून द्यायला तयार होती, हे दिसत होतं.

मला अकरा दिवस लागले. आधी बायकोला सांगितलं. ती चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मग मी गावात गेलो, तर ताई सातबाऱ्याच्या कामासाठी पौडला तहसीलला गेल्या होत्या. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो. शनिवारी पुन्हा गेलो. मुलगी सोबत आली, पण खाली सायकलींपाशीच थांबली.

ताई जिन्यात भेटल्या. मी एका दमात सगळं सांगितलं.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिशी पोरगी हितनं सायकल दामटत गेली. दोनी हात हँडलवर. मला काय दिसत न्हाई व्हय?"

"मग तुम्ही कोणाला बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलू? तुमच्या ग्रुपात मी हाय का?"

मी माफी मागायला आलोय, असं काहीतरी पुटपुटलो आणि ग्रुपसाठी लिहून आणलेला मजकूर मोबाइलवर दाखवला. मागच्या वर्षी झालेल्या गैरसमजाबद्दल खेद व्यक्त करतो, अशी त्याची सुरुवात होती. ताईंनी चष्मा वर करून तो वाचला.

"गैरसमज कुनाचा झाला वो? माझा तर न्हाई झाला. पोरीचा बी न्हाई. तुमचा झाला का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग पुसा ते. आदी वर येऊन पोरींना सांगा. त्या तिला खोटी म्हनत्यात. ग्रुपाचं मागनं लिवा." मग कठड्यावरून वाकून त्यांनी हाक मारली, "ए पोरी, खाली काय करतीया? वर ये!"

वर सहा मुली होत्या. मॅट पूर्वीच्या अर्धी झाली होती. ताईंनी त्यांना ओळीत बसवलं. माझी मुलगी चपला हातात घेऊन दाराशी उभी राहिली, आत आली नाही. तिची ती जुनी मैत्रीण ओळीत दुसरी होती आणि खाली बघत होती. मी मजकूर पुसून टाकला होता, त्यामुळे वाचायला काही नव्हतं. जे बोललो तेच नंतर ग्रुपवर लिहिलं, म्हणून शब्द लक्षात आहेत.

"हिचा हात इथे मोडला नाही," मी म्हणालो. "आमच्या पार्किंगमध्ये मोडला, आणि तो मी मोडला. मी तिला लपून मागून धरलं. तिने दोनदा सांगितलं, तरी सोडलं नाही. डॉक्टरांना खोटं मी सांगितलं, ताई घरी आल्या तेव्हा त्यांनाही मीच सांगितलं. तिला गप्प बसायला मी लावलं. ती खोटं बोलली नाही. ताई, तुमच्या क्लासचं नाव माझ्यामुळे गेलं, आणि ते मी डोळ्यांनी बघत राहिलो. मला माफ करा."

ताईंनी फक्त दाराकडे बोट केलं. मी वळलो. दीड वर्षात मी हे तिला एकदाही म्हटलं नव्हतं, हे मला तिच्या समोर उभं राहिल्यावर कळलं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तू बास म्हणालीस तेव्हाच मी सोडायला हवं होतं. मला माफ कर."